बैल जुंपायच्या आधी

अर्धांगवायूनंतर वडिलांची जुनी मोटारगाडी आमच्या अमरावतीच्या घरासमोर दोन पावसाळे उभीच होती. शेवटी त्यांनीच ती विकायची ठरवली. परतवाड्याचा गिऱ्हाईक ती ओढून न्यायला बैलजोडी घेऊनच आला, तेव्हा वडील व्हरांड्यातल्या खुर्चीतून जड जिभेने म्हणाले, “माही गाडी बैलामांगं नाही जाणार.”

त्यांनी आदल्या दिवशीच बॅटरी भरून आणवली होती, ताजं पेट्रोलही घालून घेतलं होतं. मी किल्ली फिरवली. दिवे लागले, पण पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू आली नाही.

“इंग्रजी शाळेतली ना तू पोरी? इंग्रजीत सांगून पाय तिले, आयकन,” गिऱ्हाईक हसला.

मी बॉनेट उघडलं. वडील एकेक शब्द सांगत गेले आणि मी तसं करत गेले. पंपाचं टोपण काढलं, आतले काळे पडलेले विजेचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. तरी पंप गप्पच.

“ठोक,” वडील म्हणाले. “हळू.”

पान्याच्या दांड्याने दोनदा ठोकल्यावर पंप टिकटिकू लागला, मग इंजिनही सुरू झालं. वडिलांनी डोळे मिटून ते ऐकलं. इतके खूश ते आजारपणानंतर कधीच दिसले नव्हते.

गिऱ्हाईक बैल सोबत आणलेल्या गड्याच्या हवाली करून गाडीत बसला आणि गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेली.

“गेली?” वडिलांनी विचारलं. खुर्चीतून त्यांना रस्ता दिसत नव्हता.

रस्ता केव्हाच रिकामा झाला होता. मी मागे न वळता म्हणाले, “नाही बाबा, अजून दिसतेय.”