डाव्या बाजूची शिवण

नेदरलँड्समधल्या स्नेक गावात, कालव्याकाठी हिस्केचं बायकांच्या अंतर्वस्त्रांचं दुकान होतं. स्तनांचं ऑपरेशन झालेल्या बायका लांबून तिच्याकडे येत. वर ब्लाउज चढवला की काही झालं होतं हे नवऱ्यालाही कळू नये, असा तिचा हात.

शाळेपासूनची मैत्रीण आलिदा दहा वर्षांपूर्वी स्तनांच्या कॅन्सरमधून वाचली, तेव्हा तिला दोन्हीकडे सिलिकॉन बसवलं होतं. गेल्या शरदात ती दुकानात येऊन म्हणाली, "डावीकडे काचतंय गं."

हिस्केनं टेप लावली. डावी बाजू चांगलीच फुगली होती.

"वय झालं बाई! केक कमी खा," असं म्हणत तिनं डावा कप उसवून सैल केला. नाताळाआधी पुन्हा केला. फेब्रुवारीत तर उजवीकडे आतून जाड अस्तर घालून दोन्ही बाजू बेमालूम सारख्या केल्या. आलिदा आरशासमोर वळून वळून पाहत म्हणाली, "जादूगार आहेस!" हिस्केला ते शब्द दिवसभर पुरले.

मे महिन्यात आलिदाच्या काखेत गाठ लागली. सिलिकॉनभोवती पाणी साठलं होतं आणि त्या पाण्यात लिम्फोमा निघाला. खरखरीत कवचाच्या सिलिकॉनमुळे क्वचित कुणाला होतो म्हणे. लवकर सापडला तर सिलिकॉन आणि भोवतालचं आवरण काढून बहुधा भागतं. आलिदाला उशीर झाला होता; ते काढूनही किमो घ्यावा लागला.

ऑक्टोबरात ती आली. केस बोटभर वाढलेले.

"घे, तुझं काम सोपं झालं. आपल्या देशासारखी सपाट झालेय!"

हिस्के हसली नाही. आलिदा कोट काढत बोलतच होती, "सूज दिसली असती तर आधीच गेले असते. पण कपडे कसे अगदी बरोबर बसायचे. कुणाला कळणार?"

"मला कळत होतं," हिस्के म्हणाली.

"काय?"

"दर वेळी माप वाढत होतं. मी नुसती शिवण सैल करत गेले. डॉक्टरकडे जा, एवढं तोंडातून निघालं नाही. छान बसतंय याचंच कौतुक."

आलिदा खुर्चीत बसली. काढलेला कोट तिनं मांडीवर घेतला.

"असू दे, असं मी म्हणणार नाही हं," ती म्हणाली. "आज तरी नाही."

"म्हणू नकोस."

मग ती उठली आणि तिनं दोन्ही हात बाजूला धरले. "घे माप. आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांग."

हिस्केनं टेप लावली.


"डावीकडे व्रण लाल आहे," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखव. मी येते बरोबर."