मसुऱ्याच्या बंद शाळेतला फोटो

मालवणला एसटीतून उतरलो आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला. लहानपणी दर मे महिन्यात इथे मावशीकडे यायचो. दिवे गेले की हनुवटीखाली बॅटरी धरून मावसभावंडांना घाबरवायचो. आता तेच काम हाती होतं. एका भयकथासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता.

मसुऱ्याला मावशीच्या मैत्रीण रोझीबाई राहतात. निवृत्त शिक्षिका. मुलं कमी झाली म्हणून त्यांची शाळा बंद पडलेली. त्यांनी आधी बांगड्याचं तिकलं (तिरफळं घातलेला दाट रस्सा) आणि उकड्या तांदळाचा भात जेवायला लावला, मग किल्ली घेतली.

वर्गात मी खिडक्या लावल्या, एकच झडप बोटभर उघडी ठेवली. बाईंना फळ्यापाशी उभं करून पायाशी बॅटरी ठेवली आणि कोपऱ्यात सोडणं (नारळाची सालं) पेटवली. धूर एवढा झाला की दोघंही खोकत बाहेर पळालो.

दुसऱ्यांदा मात्र जमलं. बाईंची सावली थेट वाशांपर्यंत चढली, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी.

“भिया दिसता रे!” फोटो बघून त्या हसल्या. मग त्यात मागे भिंतीवर दिसणाऱ्या मुळाक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. “हयसर भूत आसा, असां लोक आदीच म्हणतत. जूनात माका हयसर बालवाडी सुरू करूची आसा. ह्यो फोटो बघून कोण आपलां पोर पाठवतलो?”

“शाळेचं नाव कुठेही येणार नाही, बाई.”

“नाव कित्याक व्हया? ही भिंत सगळ्या गावान रंगयलेली.”

कित्येक वर्षांत इतका चांगला फोटो मिळाला नव्हता. तरी त्यांच्यासमोरच तो पुसून टाकला.

बाईंनी एकेक करून खिडक्या उघडल्या. लख्ख उन्हात, रिकाम्या बाकांकडे बघत त्या हळू आवाजात हजेरी घेऊ लागल्या. प्रत्येक नावानंतर जरा थांबायच्या. माझ्या अंगावर काटा आला. कॅमेरा उचलवला नाही.

“खंय खंय गेली रे सगळी,” एवढंच म्हणून त्यांनी डोळे टिपले.

परतताना आंबोलीत धुकं होतं. त्यात चहाची एक बंद टपरी दिसली, तिचाच फोटो मुखपृष्ठावर गेला. मित्र म्हणतात, बघून भीती वाटते. मला नाही वाटत.

शाळा उघडायच्या सुमाराला बाईंचा फोन आला. मागे पोरांचा एवढा गलका होता, की त्या काय म्हणाल्या ते धड ऐकूच आलं नाही.