शिवप्पाची हाक

भुताखेतांचा विषय निघाला की मला आधी हसू येतं. आमच्या वडिलांनी नवस-अंगारे उंबऱ्याबाहेर ठेवले ते ठेवलेच, आणि मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. इथले अनुभव वाचून "रात्रीचं जेवण जड झालं असेल" अशा कमेंट मीच टाकल्यात... त्यामुळे आता तुम्ही माझी खेचलीत तरी तक्रार नाही.

माझं घर सोलापुरात, भवानी पेठेत. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खडखड, पाहुणे आले की ओरडूनच बोलतात.

माझा मोठा भाऊ, दादा, फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होता. आता रिटायर होऊन वहिनीबरोबर सोलापूरजवळच्या कुंभारी गावात राहतो. फौजेत त्याचं निम्मं आयुष्य सॉल्व्हंटमध्ये गेलं. इंजिनाचे पार्ट त्यात धुवायचे, ग्रीसचे हातही त्यातच, वर्दीवरचा डागही त्यानंच काढायचा. वर गुळाचा खडा खायचा, म्हणजे पोटातलं सगळं निघून जातं म्हणे! मी एकदा त्याला समजावलं की वाफ फुफ्फुसातून रक्तात जाते, गूळ बिचारा काय करणार? तर म्हणाला, "गूळ ग्वाड तर लागतो की."

सगळ्यात वाईट काम इंधनाच्या टाकीत उतरून ती आतून धुवायचं. त्याची एक रीत होती. जोडीदार टाकीच्या तोंडाशी बसून मधून मधून हाक मारायचा. आतल्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणून त्यानं पान्यानं लोखंडावर दोन ठोके द्यायचे. ठोके आले नाहीत तर ओढून बाहेर काढायचं. दादाचा जोडीदार शिवप्पा, अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्यानं दादाला असं दोनदा बाहेर काढलंय. शिवप्पा वारला त्याला बरीच वर्षं झाली.

रिटायर झाल्यावर दादाचं एकेक सुरू झालं. वास अजिबात येईना, चटणी करपून घरभर धूर झाला तरी हा पेपर वाचतोय. हात कापायचे, नावं विसरायची, उगाच चिडायचा. आणि जेवता जेवता मध्येच चमच्यानं ताटावर दोन ठोके द्यायचा.

"कुणाला उत्तर द्यालाय?" वहिनी विचारायची.

"शिवप्पा हाक मारालाय की."

वहिनी रडकुंडीला आली होती. गावात कुजबुज सुरू झालेली. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. सॉल्व्हंटमुळे असं होऊ शकतं म्हणाले, पण त्यामुळेच झालं हे खात्रीनं सांगता येत नाही. भास थांबायला गोळ्या लिहून दिल्या. दादा घेईना. "मी येडा न्हाय," एवढंच. आणि खरं सांगते, माझा तो हुशार भाऊ डोळ्यांदेखत हातचा जातोय या विचारानं मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मी त्याला घरी बोलावलं, म्हटलं मी समजावते.

तो यायचा त्याच दिवशी आमच्या पाण्याच्या हौदाला आतून वॉटरप्रूफ रंग द्यायचं काम निघालं. सोलापुरात नळ रोज येत नाही, त्यामुळे अंगणात जमिनीखाली हौद घरोघरी असतो. आमचा मागच्या अंगणात आहे. मल्लेशम पेंटर सकाळीच मागच्या बोळातून येऊन आत उतरला. दादा दुपारी पुढच्या दारानं आला, बाहेरच्या खोलीत बसला. मागं माणूस कामाला आहे हे मी बोललेही नव्हते.

मी गोळ्यांचा विषय काढला. दादानं कप खाली ठेवला आणि मान कलती केली.

"शिवप्पा हाक मारालाय," तो म्हणाला. "पन मला न्हाय. आत कोन हाय?"

"कुठं आत?"

"ठोकं येईनात, लता."

आणि उठून तो सरळ मागच्या अंगणात गेला. मी पाठोपाठ. हौदाच्या तोंडातून थिनरचा भपकारा येत होता. मल्लेशम खाली शिडीला टेकून मान टाकून बसलेला, एक हात वरच्या पायरीत अडकलेला. मी उतरायला निघाले तर दादानं मला मागं ढकललं. "तू उतरलीस तर दोगं जाशीला." त्यानं पालथं पडून मल्लेशमचं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. एरवी त्या हातात कप धड राहत नाही.

मल्लेशम वाचला. दोन दिवसांनी मी दवाखान्यात भेटायला गेले.

"मॅडम, वरनं कोनतर लई हाका मारालता," तो म्हणाला. "कन्नडमदी. 'होरगे बा, होरगे बा'. भाईर ये म्हनत होता. मला हातच उचलंना."

दादा तर मला अडवताना बोलला तेवढंच, तेही मराठीत, मी शेजारीच होते. शेजारचं कन्नड कुटुंब? विचारून आले, ते त्या दिवशी लग्नाला गावी गेले होते. दादाला शिडी खरडल्याचा आवाज आला असेल? मी स्वतः दादा बसला होता त्याच खुर्चीत बसून नवऱ्याला हौदापाशी भांडी आपटायला लावली... मागांच्या खडखडीत काही ऐकू येत नाही. वास तर दादाला येतच नाही. थिनरच्या धुंदीत मल्लेशमला भास झाला, हे वर्गात मीसुद्धा सांगेन. पण शिवप्पा दादाला टाकीतून बाहेर बोलवायचा ते याच शब्दांत, हे मला दादाकडून त्यानंतर कळलं. मल्लेशमला कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात वहिनीनं गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढं ठेवली. इतके दिवस हीच मागं लागली होती, आता म्हणते, "ताई, चालू करू का नगं? तुमीच सांगा."

मी म्हटलं, चालू कर. आजही तेच म्हणेन. भावाला बरं वाटावं यापुढं मला दुसरं काही मोठं नाही.

माझ्या शब्दाखातर दादानं गोळ्या घेतल्या. हाका थांबल्या. तो झोपतो, वहिनी हसते, घराला घरपण आलंय. परवा दोघं जेवायला आले होते. निघताना दादा दाराशी थांबला आणि त्यानं अगदी शांतपणे मला विचारलं,

"लता, आता आत कोन अडकलं तर मला कसं कळायचं?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा... मी हसणार नाही.