न वाचलेली आयत

केजमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. बायको सातवी, त्यामुळं घरात वाचायचं काम तिचं. तिनं पाक किताबीचा, कुराणाचा, मराठी तर्जुमा म्हणजे भाषांतर आणलं आणि दर गुरुवारी गल्लीतल्या बाया जमवून वाचू लागली. अरबी आम्ही सगळेच लहानपणी घोकतो, अर्थ फार थोड्यांना ठाऊक. ती म्हणायची, "आपले लोक वाईट न्हाईत. आत काय लिवलंय ते त्यांना कुणी सांगितलंच न्हाई. कळलं की वळतील."

मग सिरसाळ्याच्या जावयानं आमच्या पोरीला फोनवर तीनदा तलाक म्हणून टाकलं. कायद्यात ते बसत नाही, हे आम्हालाही माहीत होतं. पण पोरीला नवरा तुरुंगात धाडायचा नव्हता, नांदायचं होतं. बायकोनं तर्जुमा चाळून आयत, कुराणातलं वचन, काढली. नवराबायकोत फूट पडतेय असं वाटलं तर एक पंच त्याच्या घरचा बसवा, एक तिच्या घरचा, असं त्यात होतं.

"आधी बसा म्हणतोय अल्ला. फोनवर तोडा म्हणतोय का?" ती म्हणाली. मला वाचता यावं म्हणून तिनं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात ती उतरवून दिली. वाचायची मला होती, कारण मशिदीच्या जमातीच्या बैठकीत बायांना बसू देत नाहीत.

जुम्म्याच्या नमाजानंतर बैठक बसली. जावयाकडचे चौघं, आमच्याकडून मी एकटा. मी कागद काढला.

"काय बे, गॅरेजचं बिल आणलं का?" जमातीचे थोरले म्हणाले.

"आयत हाय. घरवालीनं लिहून दिली."

"आता मौलवीण पाना धरती आन् तू चूल फुंकतो म्हण की!"

सगळे हसले. मी पण हसलो. हसत हसत कागद खिशात घातला. चहा आला. पोरीची भांडीकुंडी सासरहून कधी न्यायची, तेवढं ठरलं आणि लोक उठले.

ती दारातच उभी होती. "वाचलं का?"

"वाचलं."

"मग?"

"ऐकलं न्हाई कुणी."

मला वाटलं, आता त्यांच्या नावानं बोटं मोडील. ती एवढंच म्हणाली, "आयत ऐकून बी?" पुढच्या गुरुवारी बाया आल्या, तर डोकं दुखतंय म्हणून तिनं परत लावून दिल्या. पुन्हा बोलावल्या नाहीत.

मागल्या साली ती गेली. शुगरनं किडन्या खाल्ल्या. चाळिसावा झाल्यावर मी तो कागद घेऊन थोरल्यांकडं गेलो आणि अक्षर अक्षर लावत वाचला. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"तवा कावून न्हाई वाचली बे? चार लोकांत वाचली असती तर मला पंच बसवावेच लागले असते."

खरं बोलत होते की मेलेल्या बाईचा मान राखत होते, कळलं नाही. जावयानं तोवर दुसरं लग्न केलं होतं.

पोरगी माझ्याजवळच असते, शिवणकाम करते. तिला मी खरं सांगितलेलं नाही. बापानं आयत वाचली, लोकांनी ऐकली आणि तरी आपल्याला टाकलं, असंच ती धरून चालते. परवा शेजारीण म्हणाली, "अम्मीसारखं गुरुवारचं वाचत जा की, आम्ही येतो." पोरीनं मशीन थांबवलं नाही.

"वाचून काय व्हतं, खाला?"

मी तिथंच बाजेवर बसलेलो होतो.