अस्कालेने बूट काढले

वोलायता मुलखातल्या दामोता डोंगराची माती कुंकवासारखी लाल. मका, बटाटा, केळीसारखं दिसणारं एन्सेट, जे लावाल ते त्या मातीत जोमाने येतं. त्याच मातीत अस्काले जन्मली, रांगली, अनवाणी पायांनी पाणी भरायला गेली, लाकडं आणायला गेली. तिच्या वयाच्या सगळ्याच पोरी तशा वाढल्या. पण पंधराव्या वर्षी तिची बोटं रात्रंदिवस जळायला आणि खाजायला लागली, मग घोटे सुजले, आणि पाहता पाहता दोन्ही पायांवर झाडाच्या खोडासारखी खरबरीत, गाठीगाठींची साल चढली.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं. आई म्हणाली, पोरीने मेलेल्या सापाची हाडं ओलांडली. शेजारीण म्हणाली, शाप आहे. बाकीचे म्हणाले, छे, हे त्या घराचं रक्तच. हिच्या आजीचे पाय नव्हते का असेच? वैदूने डागण्या दिल्या आणि बजावलं, "पाण्याला शिवू नकोस. पाणी आत शिरतं आणि पाय आणखी फुगतात." अस्कालेने त्याचं सांगणं अक्षरशः पाळलं. त्यामुळे भेगांत मळ साचला, जखमा चिघळल्या, वास सुटला. ठरलेलं लग्न मोडलं. कॉफीच्या वेळी तिची वाटी वेगळी झाली. चर्चमध्ये ती दाराशी बसायची, आणि वारा तिच्याकडून आत यायला लागला की पुढच्या बायका डोक्यावरची ओढणी नाकाशी धरायच्या.

आईवडील गेल्यावर भाऊ अंजुलोने तिला घरामागची झोपडी दिली. भाऊ वाईट नव्हता. जेवण वेळेवर यायचं. पण पाहुणे आले की वहिनी येऊन हळूच सांगायची, "आज जरा बाहेर येऊ नका हं." अस्काले एन्सेटचा गाभा खरवडत बसून राहायची. खरवडण्यात तिचा हात धरणारी बाई त्या उतारावर नव्हती. त्या गाभ्याची तिची आंबवलेली भाकरी सगळा गाव चवीने खायचा, फक्त ती कुणाच्या हातची हे वहिनी कुणाला सांगत नसे.

एका बाजारच्या दिवशी वहिनी आजारी होती, म्हणून लोणी विकायला अस्काले स्वतः गेली. मिठाच्या ढिगामागे मातेवोस बसला होता. मातेवोसला ती लहानपणापासून ओळखत होती. त्याचे पाय तिच्यापेक्षा वाईट, पोरं त्याला हत्ती म्हणून हाका मारायची. आणि आज त्याच्या पायांत काळे बूट!

"मातेवोस, पाय कुठे गेले तुझे?"

"आहेत की. हे बघ, दोन."

"चेष्टा करू नकोस. कुठल्या देवाला नवस केलास?"

"साबणाला."

अस्काले रागाने निघाली. मातेवोसने तिची टोपली धरून ठेवली. "बस गं बाई. शपथेवर सांगतो. साबण, पाणी, मलम, पट्टी, मोजे, बूट. रोज. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं."

दुसऱ्याच आठवड्यात तो तिला खालच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या परिचारिकेने सगळ्यांत आधी जे केलं, ते अस्काले जन्मभर विसरली नाही: तिने तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. हातमोजेसुद्धा नव्हते.

"अगं, माझा रोग तुला लागेल ना!" अस्काले दचकून म्हणाली.

"हे लागत नाही कुणाला. एका ताटात जेवलीस तरी नाही."

"पण शाप..."

"शाप नाही, साप नाही. माती आहे. या लाल मातीचे बारीक कण अनवाणी पायांच्या कातडीतून आत जातात. काहींना ती सोसते, काहींना नाही. तुझ्या घरात ती न सोसणारी माणसं जास्त असतील, एवढंच."

"माझ्या आजीला होतं. अब्बांना नव्हतं. मला झालं. असं कसं?"

"अब्बा काय करायचे?"

"पोलिसात होते."

बोलता बोलता अस्काले थांबली. अब्बांच्या पायांत लहानपणापासून ती एकच गोष्ट बघत आली होती: बूट. शेतात जातानासुद्धा ते बूट काढत नसत, आणि आजी त्यांना साहेब म्हणून चिडवायची. म्हणजे इतकी वर्षं उत्तर उंबऱ्यावर वाळत पडलेलं होतं, आणि सगळं घर मेलेला साप शोधत होतं.

घरी येऊन तिने पाणी तापवलं. वहिनी दारातून ओरडली, "अहो, पाणी नका लावू! मराल!" अस्काले म्हणाली, "न लावता तरी कुठे जगतेय?" पहिल्या दिवशी पाणी काळं झालं आणि ती ढसाढसा रडली, दुःखाने की सुटल्यासारखं वाटून, तिचं तिलाच कळलं नाही. मग रोजचा नेम झाला. भिजवायचं, धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मलम लावून पट्टी गुंडाळायची, रात्री पाय उशीसारख्या कापडाच्या गुंडाळीवर उंच ठेवायचे. आधी वास गेला. मग जखमा भरल्या. मग सूज उतरायला लागली, इतकी हळू की तिला वाटे मनाचेच खेळ. दवाखान्याने तिच्या मापाचे मोठे बूट करून दिले, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते सैल झाले. मातेवोस म्हणाला, "सैल बुटांवर रडणारी तू पहिलीच." पाय अगदी पहिल्यासारखे झाले नव्हते, गाठींच्या खुणा राहिल्या. पण ते पाय होते. चालणारे, धावणारे.

आणि नेमकं तेव्हाच अंजुलोच्या मुलीला, सेनाइतला, पलीकडच्या टेकडीवरचं स्थळ आलं. मुलाकडचे वडीलधारे बोलणी करायला यायचे होते. अंजुलो सकाळीच झोपडीत आला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"बोल ना दादा. आज बाहेर येऊ नकोस, हेच ना?"

"तू बरी झालीस, मला दिसतंय गं. पण लोकांची जीभ..."

"ऐकलं," अस्काले म्हणाली. तिने वाद घातला नाही, पण हो असंही म्हटलं नव्हतं.

पाहुणे आले. मुलाचे वडील तोगा, दोन म्हातारे, आणि मुलाची आत्या झौदितू. झौदितूचा घागरा जमिनीवर लोळत होता, अंगाला अत्तराचा भपकारा, आणि तोंड सगळ्यांत चुरचुरीत. कॉफी भाजली, लोणी घातलेली भाकरी आली. तोगाने एक घास खाऊन मान डोलावली. मग झौदितूने मुद्द्याला हात घातला.

"पोरगी गोड आहे. पण या घराच्या मागे एक झोपडी आहे म्हणे. आणि झोपडीत एक पाय आहे म्हणे! आमच्या नातवंडांत तो पाय उगवायचा असेल, तर आत्ताच सांगा बाई."

सेनाइत पडद्यामागे रडायला लागली. तेवढ्यात दारातून अस्काले आत आली. पांढरा स्वच्छ पोशाख, पायांत बूट. सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मधोमध बसली.

"भाकरी कशी झालीय?" तिने तोगाला विचारलं.

"फार छान. कुणी केली?"

"मीच. तो झोपडीतला पाय माझाच." आणि तिने बूट काढले, मोजे काढले, दोन्ही पाय कॉफीच्या शेगडीच्या उजेडात पुढे केले. "नीट बघा. वास घ्या. हात लावा."

मग सेनाइत पडदा सारून बाहेर आली आणि अस्कालेआत्याचे दोन्ही पाय आपल्या हातांत घेऊन बसली, सगळ्यांसमोर.

अस्कालेने अब्बांचे बूट सांगितले, आजीचे अनवाणी पाय सांगितले, मातीचं सांगितलं. "रक्त तर तिघांचं एकच. मग अब्बांना का नाही झालं? तुमच्या नातवंडांना बूट घाला, तोगादादा. आमच्या घरातून सून नेलीत तरी घाला, नाही नेलीत तरी घाला. माती सगळ्यांच्या दारात लालच आहे."

तोगा म्हणाला, "बोलणं खरं वाटतं."

अस्कालेने झौदितूकडे पाहिलं, आणि नाकाने अत्तराखालचा तो ओळखीचा वास पकडला. वीस वर्षं ती त्याच वासात राहिली होती. बाईने पाय घागऱ्याखाली घट्ट दुमडले होते. अस्कालेच्या ओठांवर शब्द आले. गिळले. ती उठून म्हणाली, "झौदितूबाई, चला, तुम्हाला आमची एन्सेट दाखवते."

एन्सेटच्या रुंद पानांआड झौदितूने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला. खाली तीच गाठीगाठींची साल होती. "माझ्या नवऱ्यानेसुद्धा उजेडात पाहिलेले नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, तू तिथेच सांगशील."

"माझं आयुष्य सांगणाऱ्यांनीच खाल्लं," अस्काले म्हणाली. "बसा. पाणी तापलेलंच आहे."

बराच वेळ दोघी आल्या नाहीत, म्हणून म्हातारे कुरकुरायला लागले. आल्या तेव्हा झौदितूच्या घागऱ्याखाली पांढऱ्या पट्ट्या चमकत होत्या, आणि तिने त्या लपवल्या नाहीत. भावासमोर उभी राहून ती म्हणाली, "तोगा, रक्ताबिक्ताचं पुन्हा कुणी काढलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. मेस्केलचा सण झाला की लग्न."

तोगा बहिणीच्या पायांकडे बघतच राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "तू बोलली का नाहीस गं इतकी वर्षं?"

"अशा पायांचं कुणी दिसलं की नाक तूच धरायचास," झौदितू म्हणाली. म्हातारे हसले, मग तोगाही हसला, आणि वहिनीने आतून जिभेच्या टोकावर लांबलचक इलिलिलिली असा जयघोष केला.

लग्नात मिरवणूक सेनाइतच्या दारातून निघाली आणि लाल चढावरून पलीकडच्या टेकडीवर गेली. सगळ्यांत पुढे नाचत होती अस्काले. खांदे उडवत, बूट आपटत, चिखल उडवत. मागून झौदितू ओरडत होती, "हळू गं सटवे, माझे बूट अजून नवे आहेत!" आणि अस्काले मागे वळून, दोन्ही हात वर करून, आणखीच जोरात नाचत होती.