सुंभाचा फास

मी शिकलो तिसरीपर्यंत, त्यातली तिसरी अर्धीच. आता ह्या वयात लिहायला बसलोय म्हणून घरातली पोरं हसतात. हसू देत. गाडी कशी विकावी हे मला जेवढं कळतं तेवढं त्यांच्यातल्या एकालाही कळत नाही.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडेच होता. नांदगावात माझी मोटार होती. माझी स्वतःची! लढाईच्या आधीची विलायती गाडी, काळी कुळकुळीत, रबरी भोंगा. नवरानवरी, बाळंतिणी, आजारी माणसं, सगळी मी त्या गाडीतून नेली. तिला खोड एकच. उतारावर दुसरा गेर सुटायचा. सपाटीला काही नाही, चढावाला काही नाही, पण घाट उतरताना दांडा आपसूक मागे यायचा आणि गाडी मोकळी व्हायची. तिचे ब्रेक म्हणजे नावाला ब्रेक. गेराच्या जोरावरच ती उतरायची. मग मी काय केलं होतं? डॅशबोर्डाखाली एक खिळा मारला होता आणि नारळाच्या सुंभाचा फास करून त्यात दांडा अडकवायचो. असा मी फोंड्याचा घाट किती वेळा उतरलो त्याला गणती नाही.

तेवढ्यात कोल्हापुरात एका डॉक्टरची मोठी गाडी विकायला निघाली. आठ माणसं आरामात बसतील अशी! मी एकदा तिच्यात बसून आलो आणि मला जेवण गोड लागेना. डॉक्टर पौर्णिमेपर्यंत थांबणार होते. तोवर माझी गाडी जायलाच हवी होती.

आणि गिऱ्हाईक चालत आलं. मिठबावचा एक होडीवाला, स्वतःच्या दोन होड्या. बायको त्याची बाजारात मासळी विकायची. मागची सीट काढून गाडीत सुक्या मासळीच्या टोपल्या भरायच्या, असा त्याचा बेत. "खंय नेतलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "हयच, देवगड, नांदगाव, आसपास." म्हणजे सपाटीला. मला बरं वाटलं.

गाडी द्यायच्या आदल्या दुपारी मी तो फास सोडला. खिळा उपटला. भोकात मेण भरून वरून काजळी फासली. सुंभ मात्र टाकवला नाही, खिळ्यासकट सदऱ्याच्या खिशात ठेवला. मनाशी म्हटलं, विचारलंन तर सांगेन. संध्याकाळी येऊन त्याने टायर विचारले, दिवे विचारले, भोंगा तर धा वेळा वाजवलान. गेराचं नाव काढलं नाही. मी खोट्याचं एक अक्षर बोललो नाही, हां!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन मिठबावला गेलो. काय ती गर्दी! गावात मोटार येणार म्हणून सगळी वाडी देवळाकडे लोटलेली. बायका बॉनेटला हळदकुंकू लावतायत, म्हातारे दार उघडून बंद करून बघतायत. मलाच नवरदेवासारखं वाटायला लागलं. होडीवाल्याच्या बायकोने गाडीला अबोलीचा वळेसर बांधला आणि मला म्हणाली, "ड्रायवरा, लेक सासराक धाडतस तसा तोंड कित्याक केलंस?"

"लेकच ती, वैनी," मी म्हटलं.

आमच्याकडे नवीन वस्तू आली की देवाकडे गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, नारळ हातात धरून देवाला एकेक गोष्ट मोठ्याने सांगतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला हो म्हणायचं. मी गर्दीत पुढे उभा. माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. नांदगावच्या तिठ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतला पॅसेंजर उठून यायचा.

"बा देवा म्हाराजा!" गावकराने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात वर माझा आवाज. देवळातली पाखरं उडाली.

"आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे मोटार हाडल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मोटारीत मासळी भरून, बायलेक बाजूक बसवन, तो घाट चढान कोल्हापुराक जातलो आणि घाट उतरान सुखरूप घराक येतलो!"

घाट! "व्हय म्हाराजा" झालं, पण माझं अर्धंच झालं. हे बेणं मला आसपास म्हणालं होतं!

गावकराला आता जोर चढला होता. तो कोणी सांगितलं नसताना म्हणाला, "आणि इकणाऱ्यान काय एक लपवक नाय! जशी दिसता तशीच ही मोटार आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ ओरडलं. मी सोडून. मी तोंड उघडलं होतं, पण आवाज येईना. मी थोडा हट्टी आहे, देवासमोर खोटं हो म्हणायला माझी जीभ वळत नाही, मग ती गाडी जावो नाहीतर राहो.

आणि माझा आवाज नाही म्हणजे काय, भोंगा बंद पडल्यासारखंच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. होडीवाल्याची बायको सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ड्रायवरा, तुझी वाचा खंय गेली?"

मी खिशातला सुंभ चाचपला.

"आमी मासो इकताना गिऱ्हायकाक गालाकडचो कल्लो उघडून दाखयतो. तांबडो आसलो तर घे, नाय तर रवांदे. तुझ्या गाडयेचो कल्लो दाखय बघया!"

"अगो, देवळात भांडतस काय?" नवरा म्हणाला.

"तुमी गप रवा! भोंगो वाजवन गाडी घेतल्यात तुमी!"

सगळे हसले. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. मासळीवाली बाई मला धंदा शिकवते! मी म्हटलं, "दाखयतंय. बसा गाडयेत. दोघांय बसा. फोंड्याच्या घाटात चला."

आणि निघालो! वळेसर तसाच, कुंकू तसंच. नवरा बाजूला, बायको मागे दोन भरल्या टोपल्यांसकट, कारण वजनाशिवाय खोड दिसत नाही. नांदगाव मागे पडलं, फोंड्याचा बाजार मागे पडला, घाट लागला. चढताना गाडी अशी गुरगुरत गेली की होडीवाला मांडीवर थापा मारायला लागला. "काय गाडी! काय गाडी रे!"

वर गाडी वळवली. म्हटलं, "आता दोघांय घट धरा." दुसरा गेर टाकला आणि उतरायला लागलो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला दांडा खाडकन मागे आला, होडीवाल्याच्या गुडघ्यावर बसला आणि गाडी सुटली!

"आवशी गो!" तो ओरडला. मागून टोपली पुढे आली, सुके बांगडे माझ्या मानेवर. दरी डाव्या हाताला. मी हॅन्डब्रेक ओढला, गाडी उजवीकडे डोंगराला घासत नेली आणि मडगार्ड वाकवून उभी केली. मला त्या क्षणी भीती नाही, आनंद झाला! खरं सांगतो. छातीवरचा धोंडा गेला.

"ह्यो कल्लो, वैनी," मी म्हटलं.

ती केसांतला बांगडा काढत होती. "शिरां पडो तुझ्या तोंडार! आदी सांगूक काय झाला हुता?"

मी खिशातून सुंभ काढला. मेण खरवडलं, दगडाने तोच खिळा ठोकला, फास अडकवला. मग होडीवाल्याला माझ्या जागेवर बसवलं आणि फास कधी घालायचा, कधी सोडायचा ते शिकवत उरलेला घाट त्याच्याकडून उतरवून घेतला. होडीवाल्याचे हात! सुंभाची गाठ त्याने माझ्याहून पक्की मारली. खाली पोचल्यावर तो असा हसत होता जसा काय वादळातून होडी काढून आणलीय.

"घेतलंय," तो म्हणाला.

"वायच थांबा," बायको म्हणाली. "आता भाव परत करूचो."

भाव मीच उतरवला, तिने तोंड उघडायच्या आधी. मला कोणी उतरवायला लावलेलं चालत नाही. एवढा उतरवला की डॉक्टरची गाडी माझ्या हातून गेली. ती साताऱ्याच्या कोणी नेली म्हणतात. नेईना का.

पण एक काम राहिलं होतं. मी म्हटलं, परत देवळात. संध्याकाळी गावकराला जेवत्या पानावरून उठवला. त्याने हात धुतले, नवीन नारळ घेतला आणि वैतागून म्हणाला, "बा देवा म्हाराजा! ह्या मोटारीचो दुसरो गेर उताराक सुटता, तेका सुंबाचो फास आसा, आणि ता इकणाऱ्यान आपल्या तोंडान सांगल्यान!"

देवळात आम्ही चौघंच होतो. पण माझा "व्हय म्हाराजा" असा गेला की अख्खी वाडी परत जमा झाली.