खंडेनवमीची पूजा

निजामी संपली आणि गावोगाव हुकूम आला: बिनपरवान्याची बंदूक घरात ठेवायची नाही, ठाण्यात जमा करायची. मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, एक हवेची बंदूक होती, जालन्याहून हौसेनं आणलेली. नळी वाकवून छर्रा भरायचा आणि ज्वारीवरचे पोपट उडवायचे, एवढंच तिचं काम. पण भावकीतल्या पोलीस पाटलाचं मामंजींशी बांधावरून वाकडं होतं. त्यानं ठाण्यात कळवलं, यांनी घरात चोरून बंदूक ठेवली आहे.

जमादार आला. बंदूक मामंजींच्याच हातात देऊन त्यानं त्यांना भर बाजाराच्या दिवशी वेशीतून चालवत नेलं. "साहेब, ही हवेची हाय, हिला परवाना लागत न्हाई," ते सांगत राहिले. ऐकतो कोण? दिवसभर ठाण्याच्या पायरीवर बसवून त्यांना सोडलं, बंदूक ठेवून घेतली. त्यानंतर मामंजी पारावर गेले नाहीत. लोक मला चोर समजतात, म्हणायचे. पाटील दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

साऱ्या गावाची हत्यारं जमा करवणाऱ्या या पाटलानं स्वतःची दुनळी बंदूक कणगीत लपवली होती. वर्षभर ती कुणाला दिसत नसे. पण खंडेनवमीला हत्यार पुजायचं नाही, हे त्याच्या छातीला झेपणारं नव्हतं. माजघरात चौरंगावर तलवार, विळे आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली दुनळी. एकदा मांडलेली पूजा दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत. भावकीतल्या आम्ही बायका तिथं पुरणपोळ्या लाटायला जायचो, म्हणून मला ठाऊक.

त्या वर्षी नवे फौजदार दसऱ्याच्या बंदोबस्ताला आले आणि पाटलाच्या ओसरीवर जेवायला बसले. ताट वाढलं. मी पदर सारखा केला आणि माजघराच्या दारातून म्हटलं, "साहेब, आज खंडेनवमी. पूजेला हात जोडल्याबिगर जेवत असत्यात व्हय?"

"ऱ्हाऊ द्या साहेब," पाटील घाईनं म्हणाला, "जेवण गार होऊन राह्यलं."

"आधी देव, मग जेवण," म्हणत फौजदार आत आले. हात जोडले आणि तसेच थांबले. मग शांतपणे म्हणाले, "पाटील, हिचा परवाना दाखवा."

पाटलाला घाम फुटला. तव्यावर माझी पोळी करपत होती, पण मी जागची हलले नाही. मला ते तोंड डोळे भरून बघायचं होतं.

त्याच वेशीतून तो गेला, दुनळी स्वतःच्या हातात धरून. पाटीलकीही गेली.

मामंजींची बंदूक फौजदारांनी परत पाठवली, हिला परवाना बिलकुल लागत नाही, असा निरोप देऊन. नळी गंजलेली, आतली स्प्रिंग तुटलेली. मामंजी म्हणाले, "जाऊ दे पोरी, झालं ते झालं."

मी जाऊ दिलं नाही. पुढच्या खंडेनवमीला आमची पूजा मी ओसरीवर, रस्त्याच्या तोंडाला मांडली. मधोमध ती मोडकी बंदूक. पाटलाच्या घरी आमंत्रण मी स्वतः देऊन आले. भावकीतल्या पूजेचं आमंत्रण त्याला मोडता येणार नव्हतं. तो आला, वाकला, बंदुकीपुढे हात जोडले. मामंजी शेजारीच बसले होते.